पांढरी पँट आणि दोन इंच माया: आमच्या तायक्वांदो क्लबचं नवं वर्ष

जून लागला की माझ्या दुकानात ब्लाउजांपेक्षा पांढऱ्या पँटीच जास्त पडतात. सांगलीत विश्रामबागला, घराच्या रस्त्याकडच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे, आणि तिथून दहा मिनिटांवर एका शाळेच्या हॉलमध्ये तायक्वांदोचा, म्हणजे लाथा-ठोशांच्या कोरियन खेळाचा, क्लब चालतो. ड्रेस तयारच मिळतो, पण मापं कुठल्या पोरांची घेतात देव जाणे. उंचीला बरोबर असला तर कमरेत दोघं मावतील, कमरेत बसला तर पायाखाली चार इंच लोळतोय. मग आया येतात, "ताई, एवढी वर करून द्या की." मी वर करून देते, पण कापत नाही. आत दुमडते आणि माया, म्हणजे जादाचं कापड, ठेवते. पोरं वर्षात किती वाढतात ते शाळेच्या डॉक्टरांआधी मला कळतं.

म्हणजे या क्लबची माझी पहिली ओळख कपड्यातून झाली. थोरली आता सातवीत आहे, तिचं तिथलं हे दुसरं वर्ष. धाकटा दुसरीत, त्याला यंदा जूनपासून घातलाय. गिऱ्हाइकं सारखी विचारतात, "कसा आहे हो क्लब? घालू का पोराला?" प्रत्येकीसाठी मशीन थांबवण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून टाकावं. नाव लिहू का म्हणून सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आधीच साठ पोरं आहेत ताई. हॉल वाढवून देणार असाल तर लिहा." म्हणून नाव नाही. ज्यांना पाहिजे त्यांना विश्रामबागला कुणीही सांगेल.

थोरलीला आधी आम्ही दुसऱ्या एका क्लबात घातलं होतं. तिथं दर दोन-अडीच महिन्यांनी बेल्टची परीक्षा. पांढऱ्याची पिवळी झाली, पिवळ्याची हिरवी झाली, आठ महिन्यांत पोरगी हिरव्या बेल्टवर. दर परीक्षेला सहाशे रुपये, आणि सर्टिफिकेटच्या लॅमिनेशनचे वेगळे. आम्ही खूश, पेढे वाटले. मग शाळेकडून स्पर्धेला गेली, तर पहिल्याच फाइटला समोरच्या पिवळ्या बेल्टच्या मुलीनं असं काही धुतलं की घरी येईपर्यंत ही तोंडातून शब्द काढेना. हिची लाथ जोरात जायची. पण मारलेला पाय परत कुठं ठेवायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळं प्रत्येक लाथेनंतर ही तिरकी व्हायची आणि पाठ दाखवायची.

इकडं आणली तेव्हा सरांनी पाच मिनिटं बघितलं, मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, "बेल्ट तिचा आहे, मी काढून घेणार नाही. पण उभी पिवळ्यांच्या रांगेत राहील. चालेल?" पोरगी रिक्षात रडली. तिचे बाबाही म्हणाले, पैसे भरून मिळवलेलं असं मागं का घ्यायचं. मला मात्र ते पटलं, कारण माझ्याकडं रोज हेच येतं. दुसरीकडं बिघडलेला ब्लाउज घेऊन बाई येते, म्हणते जरा बाही नीट करून द्या. वरून टीप मारून भागत नाही. सगळी बाही उसवून परत बसवावी लागते, आणि बाईला वाटतं ही उगाच काम वाढवतीय.

क्लबचं वर्ष शाळेबरोबर चालतं. मेमध्ये सुट्टी. शाळा उघडली की त्याच आठवड्यात क्लासही सुरू. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. लहानांची बॅच सहा ते सव्वासात आणि मोठ्यांची तिथून साडेआठपर्यंत. यंदा पहिल्या दिवशी मी मुद्दाम साडेपाचला शटर ओढलं आणि हॉलच्या पायरीवर जाऊन बसले. धाकट्यापेक्षा धाकधूक मलाच होती.

इथला एक नियम मला फार आवडतो. पहिले पंधरा दिवस ड्रेस घालायचा नाही, टी-शर्ट आणि ट्रॅक पँटवर यायचं, आणि दोन्ही बॅच एकत्र. का, तर सर म्हणतात पावसात ड्रेस वाळत नाही आणि नव्यांचे ड्रेस अजून आलेले नसतात. खरंच आहे ते. ते जाड पांढरं कापड झडीत चार दिवस दोरीवर राहिलं की दुकानात पिशवी उघडायच्या आधी मला वास येतो. पण ड्रेस नाही म्हणजे बेल्टही नाही, आणि बेल्ट नाही म्हणजे कोण लाल, कोण निळा, कोण आजच आलाय, काही कळत नाही. सगळे हजेरीच्या क्रमानं उभे. दहावीतला मिशी फुटलेला लाल बेल्टवाला, म्हणजे काळ्या बेल्टच्या जवळ पोचलेला, आणि त्याच्या शेजारी माझा धाकटा, चड्डी सावरत. दोघांना एकच हुकूम.

हुकूम सगळे कोरियन भाषेत. 'चार्योत' म्हटलं की ताठ, 'क्यॉन्ने' म्हटलं की वाकून नमस्कार, 'जुन्बी' म्हटलं की मुठी पोटापुढं घेऊन तयार. मोजायचंही कोरियनमध्येच: हाना, दूल, सेत, नेत, दासोत. धाकटा आता ताटातल्या चपात्या तशा मोजतो. माझ्याही तोंडात ते बसलंय. परवा ब्लाउजला हूक लावताना 'नेत, दासोत' पुटपुटले, तर समोरची बाई विचारते, "बरं वाटत नाही का?"

पहिल्या दिवशी एकही उंच लाथ मारली नाही कुणी. ज्या आया पोराला हवेत उडताना बघायला आल्या होत्या त्या अर्ध्या तासात मोबाइलमध्ये गेल्या. मी बघत राहिले. अर्धा तास नुसतं उभं राहणं चाललं होतं. 'आप सोगी' म्हणजे चालता चालता थांबल्यासारखं उभं राहायचं. 'आप कुबी' म्हणजे पाऊल लांब टाकून पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय ताठ. सर आणि त्यांच्या मदतीला असणारी ताई (ब्लॅक बेल्ट आहे, बी.कॉम. करतेय) रांगेतून फिरत एकेकाची टाच, एकेकाचा गुडघा हातानं सरळ करत होते. लाल बेल्टवाल्याचीही टाच सरळ केली. त्याचा चेहरा पडला. सरांनी पाहिलं आणि पुढं गेले.

दुसऱ्या आठवड्यात लाथ आली, तीही तुकड्यातुकड्यानं. गुडघा वर. झटका. परत गुडघा. मग पाय खाली. ज्याला ही पोरं 'डोल्यो चागी' म्हणतात, म्हणजे बाजूनं गोल फिरून येणारी लाथ, तिच्यात सगळी गोम जमिनीवरच्या पायात आहे हे मला इथं कळलं. तो पाय चवड्यावर फिरला पाहिजे, टाच समोरच्याच्या दिशेला आली पाहिजे. नाही फिरला तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. सर मॅटवर खडूनं पावलाची खूण काढतात, लाथ मारून झाल्यावर टाच कुठं आली ते पोरानं स्वतः बघायचं. फळ्याचा खडू मॅटवर नीट उमटेना, म्हणून मी माझा मार्किंगचा चपटा खडू नेऊन दिला. त्यामुळं क्लबच्या यंदाच्या वर्षात माझाही थोडा हात आहे, तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

थोरलीचं मागच्या वर्षीचं उसवणं इथंच झालं होतं. तिला पहिला पूमसे, 'ताएगुक इल जांग', घडाघडा यायचा. पूमसे म्हणजे ठरलेल्या क्रमानं केलेल्या हालचाली. या पहिल्यात अठरा असतात. कोरियाच्या झेंड्यावर मधलं लाल-निळं वर्तुळ आणि कोपऱ्यांत तीन-तीन रेघांच्या खुणा असतात ना, त्यातली तीन सलग रेघांची खूण या पूमसेची. तिचा अर्थ आकाश. पावलंही तशाच रेघांवरून टाकायची, आणि जिथून सुरू केलं तिथंच येऊन संपवायचं. आमची सुरू करायची खिडकीपाशी आणि संपायची खांबापाशी. एकदा घरी मी टेप लावून मोजलं, सत्तावीस इंच फरक! म्हणजे प्रत्येक पाऊल वेगळ्या मापाचं. सरांनी तिच्याकडून तीन महिने हात न हलवता नुसती पावलं करून घेतली. यंदा जूनमध्ये परत मोजलं, चार इंच. हे पहिल्या क्लबातल्या तीन सर्टिफिकेटांपेक्षा मला मोठं वाटतं, पण ते लॅमिनेट करता येत नाही.

इतिहास सर आटोपशीर सांगतात, पाणी प्यायच्या सुट्टीत. 'ताए' म्हणजे पाय, 'क्वोन' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे मार्ग. नाव १९५५ चं. १९८८ ला सोलच्या ऑलिंपिकमध्ये नुसतं दाखवण्यापुरतं होतं, पदकांचा खेळ झाला तो २००० मध्ये सिडनीला. भिंतीवर अरुणा तंवरचं पेपरातलं कात्रण आहे. हरियाणाची मुलगी, जन्मापासून हात लहान. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये तायक्वांदो पहिल्यांदा आलं तेव्हा भारताकडून खेळली. आमच्या बॅचमध्ये डावा हात अधू असलेला एक मुलगा आहे. त्याच्या आईनं प्रवेश घेताना ते कात्रण उभ्या उभ्या दोनदा वाचलं, मी पाहिलंय. त्या मुलाला सर वेगळं काही बोलत नाहीत. त्याचीही टाच तशीच सरळ करतात.

आता पैशाचं. दर भिंतीवर कागद लावून लिहिलेत, ही पहिली चांगली गोष्ट. महिना सातशे, दुसऱ्या भावंडाला पाचशे, वर्षाचा प्रवेश पाचशे, ड्रेस बाराशे. बेल्ट परीक्षा वर्षात दोनच, आणि सर नावं वाचतात त्यांनीच बसायचं. मागच्या वेळी एका वडिलांनी वाद घातला, आम्ही पैसे भरायला तयार आहोत तर का नाही बसवत. सर म्हणाले, नापास करून तुमचे पाचशे घेण्यापेक्षा न बसवलेलं बरं. जूनमध्ये वह्या-पुस्तकांनी आधीच खिसा उसवलेला असतो, म्हणून जूनची फी जुलैबरोबर दिली तरी चालते. हे त्या कागदावर लिहिलेलं नाही, पण विचारलं तर नाही म्हणत नाहीत.

ड्रेसबद्दल मात्र माझं भांडण आहे. कापड बरं आहे, पण मांड्यांमधल्या जोडाला एकेरी टीप! तायक्वांदोच्या पँटीला तिथंच ताण येणार हे शिवणाऱ्याला कळू नये? पहिल्याच महिन्यात तिघांच्या फाटल्या. मी सांगितलंय, घालायच्या आधी माझ्याकडं द्या, दुहेरी टीप मारून वर कळी (जोडात बसवायचा कापडाचा तुकडा) टाकून देते, तीस रुपये. आणि रंगीत पँटीबरोबर धुवून गुलाबी केलेला पांढरा बेल्ट माझ्याकडं आणू नका, त्याला माझ्याकडं औषध नाही.

फाइटचं सामान पहिल्या वर्षी घ्यायची गरज नाही. चेस्ट गार्ड, हेड गार्ड क्लबचे आहेत. माउथगार्ड आणि ग्रोइन गार्ड (जांघेचं) तेवढे स्वतःचे आणायचे, आणि ते बरोबरच आहे. क्लबच्या हेड गार्डांना जो वास येतो त्याबद्दल मी लिहीत नाही, जेवायच्या वेळी कुणी वाचत असेल. गुण कसे मोजतात ते मला वर्षभर पायरीवर बसून समजलं: छातीवर ठोसा एक, छातीवर लाथ दोन, डोक्यावर तीन, गिरकी घेऊन मारली तर छातीला चार आणि डोक्याला पाच. पडलं किंवा रेषेबाहेर गेलं तर समोरच्याला फुकटचा एक. मोठ्या स्पर्धांत चेस्ट गार्डमध्ये आणि पायमोज्यांत सेन्सर असतात, लाथ नीट बसली तरच पडद्यावर गुण चढतो. आमच्या क्लबात ते सामान नाही. त्यामुळं आमची पोरं बाहेर जातात तेव्हा "मारलं होतं तरी गुण नाही आला" म्हणून गांगरतात. सरांना विचारलं तर किंमत सांगितली, आणि मी गप्प बसले. पण ज्यांच्या मुलांना स्पर्धेतच पुढं जायचंय त्यांनी ही उणीव धरून चालावं.

सर्टिफिकेटचंही मोकळेपणानं सांगते, कारण दहावीच्या पोरांचे आईवडील त्याचसाठी येतात. बेल्टला सवलतीचे गुण मिळत नाहीत. गुण मिळतात ते मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीला, आणि तायक्वांदोत संघटना इतक्या आहेत की कुठल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट कुठं चालतं हे आधी विचारलेलंच बरं. आमचे सर शाळेमार्फत होणाऱ्या स्पर्धांवर भर देतात: आधी मनपा पातळी, मग विभाग, मग राज्य. बाकी कुठलं पत्रक आलं की क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून मगच नावं घेतात. "मेडल किलोवर मिळतात" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा हॉटेलच्या हॉलमध्ये होणाऱ्या कुठल्याशा 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धेचं पत्रक एका आईनं आणलं, प्रवेश फी अडीच हजार. सरांनी ते उलटं करून त्याच्यावर हजेरी लिहिली.

तक्रारी आहेतच. हॉलवर पत्रा आहे. पाऊस जोरात आला की सरांचा हुकूम तिसऱ्या रांगेला ऐकू जात नाही, मागची पोरं पुढच्यांचं बघून हलतात आणि सगळा नमस्कार लाटेसारखा होतो. कोपऱ्यात गळतं, तिथं बादली. मॅटचे तुकडे एकमेकांत नीट बसत नाहीत, फटीत अंगठा अडकून थोरलीचं नख निघालं होतं. आणि मुलींचं स्वच्छतागृह कुलपात! किल्ली शाळेच्या शिपाईमामांकडं, मामा सहाला घरी. वर्षभर आम्ही आयांनी हे सांगितलं, सर "बघतो" म्हणत राहिले. पुरुषमाणसाला ही अडचण अडचणच वाटत नाही. शेवटी यंदा जूनच्या पालकसभेत चौघींनी फीची पाकिटं हातात धरून ठेवली आणि म्हटलं, आधी किल्ली. आता एक किल्ली त्या बी.कॉम.वाल्या ताईकडं असते. दोन दिवसांत झालं.

आणखी एक. उशिरा आलं की दहा दंड काढायचे. मोठ्यांना ठीक आहे. पण दुसरीतलं पोर स्वतः येतं का? गिऱ्हाईक सुटेना म्हणून मला उशीर झाला आणि दंड धाकट्यानं काढले. मी बोलले तर सर हसून म्हणाले, "मग उद्यापासून तुम्ही काढा." हसण्यावारी नेलं त्यांनी, मला ते आवडलं नाही. नंतर आठवीच्या खालच्यांना माफ केलंय असं ऐकलं, पण मला सांगितलं नाही कुणी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उद्याची सूचना रात्री साडेदहाला येते, आणि तीही सुप्रभातच्या फुलांमध्ये शोधावी लागते.

पावसाळ्याचं वेळापत्रक सांगलीकरांना सांगायला नकोच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी चाळीस फुटांवर गेली की इशारा, पंचेचाळीसवर धोका. ग्रुपवर सर तोच आकडा धरतात: "आयर्विन ३८. गावभागातल्यांनी येऊ नये." २०१९ ला पाणी सत्तावन्नच्याही वर गेलं होतं, तेव्हापासून कुणी त्यात वाद घालत नाही. बुडालेले क्लास दिवाळीच्या सुट्टीत भरून काढतात, फी कापत नाहीत. आम्ही मागतही नाही. विश्रामबागला आम्ही उंचावर आहोत, पण क्लबातली निम्मी पोरं नदीकडून येतात.

घालायचं का मग? पोराला सहा महिन्यांत रंगीत बेल्ट पाहिजे असेल, फोटो टाकायचे असतील, तर इथं चिडचिड होईल. स्पर्धेचंच ध्येय असेल तर सेन्सरवाल्या सामानाची चौकशी दुसरीकडंही करा. बाकी कुणी विचारलं तर मी हो म्हणते. पाचात चार. एक गुण मॅटच्या फटीला आणि वर्षभर न मिळालेल्या किल्लीला कापला. प्रवेशाला जाताना दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि शाळेचं ओळखपत्र न्या. दमा किंवा जुनं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, फॉर्मवर त्याची ओळ शेवटी बारीक अक्षरात आहे, राहून जाते. नवीन आलेल्यांना जूनअखेरपर्यंत घेतात, नंतर हॉल भरतो.

एक जुलैला ड्रेस सुरू झाले. त्या दिवशी लाल बेल्टवाल्यानं बेल्ट बांधला आणि धाकट्याचा पांढरा त्यानंच बांधून दिला, कारण सरांना सगळ्यांचे बांधायला वेळ नव्हता. थोरलीनं हिरवा बांधला, पण आपणहून जाऊन पिवळ्यांच्या रांगेत उभी राहिली. सरांनी ताईला सांगून तिला एक रांग पुढं आणलं. घरी आल्यावर तिनं पँट माझ्यापुढं टाकली, म्हणाली आखूड झालीय. दुमड उसवून बघितली. दोन इंच माया ठेवली होती, दीड सोडावी लागली.